भंडारदऱ्याच्या काठाने

पर्वतप्रवास म्हटला की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांसमोर उभे कडे, लोखंडी शिड्या आणि धापा टाकणारी तरुण मंडळी येतात; आणि "हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे" असे म्हणून तो घरीच स्वस्थ बसतो. वस्तुतः डोंगराचे दर्शन घेण्यासाठी शिखरावर चढलेच पाहिजे, असा काही दंडक नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जलाशयाच्या काठाने, गुडघ्यांस न शिणवता चालता येईल अशा वाटा महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांपैकी अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या काठची वाट ही आजी-आजोबांनी नातवंडांसह चालावी इतकी सुगम आहे. मात्र ती चालताना नुसते डोळे उघडे ठेवून भागत नाही. समोरच्या पाण्याची हकीकत ठाऊक असावी लागते.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे कडा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. गावाचे नाव कडा. परंतु सह्याद्रीचा खरा कडा तेथून फार दूर, पश्चिमेस. हा ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाशी जुनी ओळख असलेला मुलूख. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आतबाहेर. तोही वेळेवर येईल तर भाग्य! उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे येथल्या घरोघरच्या बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०२२ सालच्या सप्टेंबरात नगर-आष्टी लोहमार्गावर गाडी धावू लागली आणि कड्यालाही स्थानक लाभले. अशा गावातील एखाद्या कुटुंबाने चार दिवसांची सवड काढून भंडारदरा पाहावयास निघावे. त्यास तेथे जे दिसेल, ते पुण्या-मुंबईच्या प्रवाशास दिसेलच असे नाही.

नगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पोहोचल्यावर पुढचा रस्ता राहुरीवरून कोल्हारास जातो व तेथे प्रवरा नदी ओलांडतो. येथून पुढचा सारा प्रवास नदीच्या प्रवाहाविरुद्ध, तिच्या उगमाकडे होतो. कोल्हारापासून लोणी, लोणीपासून संगमनेर, मग अकोले, राजूर आणि शेवटी धरणालगतचे शेंडी गाव. लोणीच्या आसमंतात दोन्ही अंगांस उसाचे मळे दिसतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच मुलखात. त्या उसाला पोसणारे पाणी कालव्यांतून येते. कालव्यांत ते भंडारदऱ्याहून येते. म्हणजे प्रवाशाने पाणी पाहण्यापूर्वी पाण्याचा परिणाम पाहिलेला असतो. धरण पाहावयास जाण्याचा हा क्रम उत्तम होय.

राजूर सोडल्यावर देखावा पालटतो. उसाच्या जागी भाताची खाचरे व उतारावर नागली-वरईची शेते दिसू लागतात. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, धुवांधार पावसातही टिकाव धरणारी डांगी गुरे रस्त्याने भेटतात. वाटेत रंधा येथे प्रवरा सुमारे १७० फूट खोल उडी घेते. धरणातून पाणी सुटलेले असेल त्या वेळी तिचे रूप भीषणरम्य असते. आणि त्या वेळी कठड्याच्या अलीकडूनच ते पाहावे, हे उत्तम.

भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास, तर आर्थर हिल या अभियंत्याचे नाव जलाशयास देण्यात आले. भिंत दगडी बांधकामाची, सुमारे २७० फूट उंच. त्या काळी हिंदुस्थानातील अत्युच्च धरणांमध्ये तिची गणना होई. जलाशयात अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. १९६९ साली भिंतीस तडे जाऊन गळती लागली, तेव्हा मोठी चिंता उत्पन्न झाली होती. पुढे भिंतीस मागील बाजूने आधार देऊन ती बळकट करण्यात आली. आज तिच्या पायथ्याच्या बागेत मुले खेळतात. तेथून मान वर करून भिंतीकडे पाहिले म्हणजे शंभर वर्षांमागच्या पाथरवटांच्या व मजुरांच्या श्रमांची काहीशी कल्पना येते.

पहिली वाट येथलीच. शेंडी गावातून निघून धरणाच्या बाजूने काठावर यावे, थोडे चालावे, बसावे आणि परत फिरावे. तास-दीड तासाचे हे काम आहे. उत्तरेस कळसूबाईचे शिखर दिसते. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. पाण्याच्या पलीकडे, नैऋत्येच्या अंगास रतनगडाची रांग. सकाळी वारा पडलेला असताना या डोंगरांची प्रतिबिंबे पाण्यात स्थिर उभी असतात. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी एवढेच करावे. प्रवासाने शिणलेल्या पायांस दुसऱ्या दिवसाचे काम सांगू नये.

दुसरी वाट दक्षिण काठाची. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे या गावांवरून रतनवाडीस जाणारा रस्ता वीस किलोमीटरांच्या आसपास आहे. तो सगळा पायी चालण्याचे कारण नाही. वाहनाने निम्म्याहून अधिक अंतर काटावे आणि कोलटेंभ्याच्या पुढे उतरून उरलेले अंतर पायांनी तोडावे. चढउतार बेताचेच आहेत. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर. पावसाळ्याच्या अखेरीस या डोंगरावरून ठिकठिकाणी पांढऱ्या धारा कोसळत असतात आणि सप्टेंबरात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात. हिवाळा सरू लागला की पाणी मागे हटते व काठाची जमीन उघडी पडते.

ही उघडी पडणारी जमीन पाहताना पाऊल थोडे थांबवावे. जेथे आज पाणी आहे, तेथे १९१० पूर्वी प्रवरेचे खोरे होते. नदीकाठची चांगली जमीन नेहमी खोऱ्याच्या तळाशी असते, आणि धरण बांधले की पहिल्याने तीच बुडते. या खोऱ्यात महादेव कोळी समाजाची वस्ती पूर्वापार आहे. इंग्रजी अमलाविरुद्ध व सावकारीविरुद्ध उठलेला राघोजी भांगरे हा याच अकोले तालुक्यातील देवगावचा. त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. अशा लोकांच्या खोऱ्यात पाणी साठले आणि ते पूर्वेकडच्या सखल मुलखात गेले. मैदानात मळे पिकले. डोंगरात मात्र उतारावरची नागली राहिली.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. घाटघर, रतनवाडी या भागात वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कड्याच्या सात-आठ पट. तरीही चैत्र-वैशाखात याच डोंगरी वाड्यांतील बायका हंडे घेऊन पाण्यासाठी हिंडताना दिसतात. कारण उघड आहे. काळ्या कातळावर पडलेले पाणी जिरत नाही. चार महिन्यांत ते वाहून दरीत जाते, आणि दरीत साठलेले पाणी डोंगरावरील वाडीच्या घड्यात आपण होऊन चढत नाही. कड्याच्या आजीबाईंनी रतनवाडीच्या आजीबाईंशी ओट्यावर बसून दोन घटका बोलावे. एकीकडे पाऊसच नाही, दुसरीकडे पाऊस उदंड. पण उन्हाळ्यातला हंडा दोघींच्याही डोक्यावर सारखाच जड असतो. ही गोष्ट कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा अशा संभाषणातून लवकर समजते.

रतनवाडी हे ऐतिहासिक गाव. अमृतेश्वराचे देवालय हे त्याचे भूषण. ठाण्याकडील शिलाहार राजा झंझ याने सह्याद्रीतील नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये बांधली व त्यांपैकी हे एक, अशी परंपरा सांगतात. मात्र हल्लीच्या देवालयाचे भूमिज शैलीचे शिखर पाहता ही वास्तू त्याच्यानंतरच्या काळातील असावी, असे जाणत्यांचे मत आहे. शिखरावरील लहान लहान शिखराकृतींच्या ओळी, स्तंभांवरील आणि छताचे कोरीव काम सावकाश पाहावे. येथे अर्धा तास सहज जातो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते, ते पाहून देवाच्या पायांशीच नदी जन्म घेते असे भाविकांस वाटले तर नवल नाही. जवळच चौकोनी पुष्करिणी आहे. तिच्या भिंतींत कोनाडे असून त्यांत मूर्ती बसविलेल्या आहेत. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून मुलांचा हात धरावा.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. देव-दानवांनी अमृत घुसळून काढले, राहूने ते चोरून प्यायले आणि त्याच्या कंठातून सांडलेल्या अमृताची ही नदी झाली, अशी कथा या भागात सांगतात. याच नदीच्या काठी, खाली नेवासे येथे, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे प्रवरासंगमास ती गोदावरीस मिळते, आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात जाते. नाथसागराच्या उजव्या कालव्यातून ते गेवराई-माजलगावकडे, म्हणजे बीड जिल्ह्यातच येते. कड्यास मात्र ते मिळत नाही. आष्टी तालुक्याचे पाणी सीनेकडे व सीनेतून भीमेकडे उतरते. एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांचे नशीब दोन नद्यांनी असे वेगवेगळे लिहिले आहे.

वरच्यांनी किती पाणी राखावे व खालच्यांस किती सोडावे, हा वाद याच खोऱ्यात गाजला आहे. २००५ सालच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्वांनी तूट समान वाटून घ्यावी, हे तत्त्व मान्य केले. आणि त्यानुसार भंडारदरा-निळवंडे धरणसमूहातूनही जायकवाडीकडे पाणी सोडण्यात आले आहे. दर वेळी दोन्ही बाजूंचे शेतकरी क्षुब्ध होतात, आणि दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नसते. काठावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाने या वादात निवाडा देऊ नये. पण समोरचे निळे पाणी हे केवळ डोळ्यांचा विलास नसून त्याच्या थेंबाथेंबावर कोणाचे ना कोणाचे पीक अवलंबून आहे, एवढे त्याने जाणावे.

तिसरी वाट रतनवाडीतून रतनगडाच्या दिशेने, प्रवरेच्या ओढ्याच्या काठाकाठाने जाते. गड १२९७ मीटर उंच असून त्याचा वरचा टप्पा शिड्यांचा आहे. तो तरुणांसाठी ठेवावा. परंतु ओढा दोन-तीन वेळा ओलांडून रानाच्या तोंडापर्यंत जाणे व झाडाच्या सावलीत शिदोरी सोडून परत येणे, हे कोणासही साधते. ओढ्यास पाणी चढलेले असेल तर एकदाही ओलांडू नये. डोंगरातील ओढा वरच्या पावसाने घटकेत फुगतो, आणि खाली ऊन असले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही.

चौथी व अखेरची जागा घाटघरची. रतनवाडीपासून साम्रदवरून येथे येता येते आणि उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांवरून शेंडीस परतता येते. चाळीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा फेरा वाहनाने करावा व घाटघरच्या सपाटीवर मनसोक्त पायी हिंडावे. येथे महाराष्ट्राचे पठार एकाएकी संपते आणि पायाखाली कोकण दिसते. हाच तो सह्याद्रीचा कडा! येथे २००८ सालापासून २५० मेगावॅटचे एक अपूर्व वीजगृह चालते: विजेची मागणी असेल तेव्हा वरच्या तळ्यातील पाणी कड्याखाली सोडून वीज निर्माण करावयाची, आणि मागणी कमी झाली म्हणजे तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे. कड्याच्या काठास सर्वत्र कठडे नाहीत. धुके असेल तर दहा पावले मागेच राहावे.

काळ कोणता निवडावा? जुलै-ऑगस्टातला पाऊस पाहण्याजोगा खरा, पण वृद्ध व मुले यांस तो मानवत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे. मेच्या अखेरीस काजव्यांनी झाडे लखलखतात म्हणून हजारो लोक येथे लोटतात. काजव्याचा प्रकाश ही जोडीदारास घातलेली साद असते; मोटारींच्या दिव्यांच्या झोतात ती साद हरवते, हे ध्यानी ठेवून जाणाऱ्याने अंधार अंधारच राहू द्यावा. हा प्रदेश १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. गोंगाट, कचरा व मद्यपान यांनी सुट्टीच्या दिवशी काठाची जी दशा होते, ती पाहून तेथील रहिवाशांस पाहुण्यांचा वीट यावा, यात अस्वाभाविक काही नाही.

म्हणून शक्यतो आडवारी जावे. जेवण गावातल्या घरीच सांगावे: तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, ठेचा. त्याचे मोल न कुरकुरता द्यावे. ज्या खोऱ्याने आपली जमीन पाण्याखाली दिली, त्याच्या पदरात पाहुण्याकडून एवढे तरी पडावे. सोबतचा कागद व बाटली सोबतच परत आणावी.

असा चार दिवसांचा प्रवास करून ते कुटुंब कोल्हारचा पूल ओलांडून परत येईल, तेव्हा पुलाखालची नदी तीच असेल. पण आता तिचे माहेर पाहिलेले असेल. घरी आल्यावर नातवाने नळ उघडा टाकला, तर आजीस फार बोलावे लागणार नाही. रतनवाडीच्या त्या हंड्याची आठवण करून दिली, म्हणजे पुरे.