विमानतळावरील झडती आणि नागरिकाचा हक्क



25 डिसेंबर 2009 रोजी डेट्रॉईटला उतरणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपविलेली स्फोटके पेटविण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर अमेरिकेच्या विमानतळांवर कपड्यांआरपार पाहणारी यंत्रे झपाट्याने बसली. यंत्र नको म्हणाल, तर अंगाला हात लावून झडती! लोक संतापले, प्रकरण कोर्टात गेले.

जुलै 2011 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले, की या तपासणीने राज्यघटनेचा भंग होत नाही. परंतु एवढा मोठा नियम लागू करण्यापूर्वी जनतेचे म्हणणे मागविणे कायद्याने आवश्यक होते, ते मागविलेच नाही. विद्यार्थ्यांनी निकालाचा हा दुसरा भाग जरूर अभ्यासावा. यंत्रे मात्र न्यायालयाने थांबविली नाहीत. म्हणणे मागविले 2013 मध्ये, अंतिम नियम निघाला 2016 मध्ये. तोवर किती माणसे हात वर करून त्या यंत्रात उभी राहिली असतील!

सुरक्षा हवीच, मुलेबाळे घेऊन आपणही विमानात बसतो. पण पुढे संसदेने कायदा केला, तेव्हा उघडे शरीर दाखविणारी यंत्रे 2013 मध्ये हटली. उरलेल्या यंत्रांच्या पडद्यावर सर्वांची एकच साधी आकृती दिसू लागली. अब्रू राखूनही तपासणी होत होती तर!