शिफारसपत्र देताना



आखातात निघालेल्या मुलाचे वडील शाळेत येतात. "सर, दोन ओळी चांगल्या लिहा." मुलगा मेहनती, पण हिशेबात चोख नाही, असा संशय असेल तर? मी मेहनतीबद्दल लिहीन, रोकड सांभाळण्याविषयी लिहिणार नाही, आणि हे मुलाला तोंडावर सांगेन. सूरह निसाच्या ८५ व्या आयतीत शिफारस करणाऱ्यालाही तिच्या फळाचा वाटेकरी धरले आहे. उद्या मालकाने थेट विचारले, तर पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव नको. कायद्याला भिऊ नका. विचारणाऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेला इशारा १८६० च्या दंडसंहितेचे कलम ४९९ बदनामी मानत नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचे कलम ३५६ ही मानत नाही. वडील रागावतील, हे मात्र धरूनच चाला.