जंतू आणि बुरशी यांची भागीदारी

मोरीतला दगड आठवडाभर घासला नाही तर त्यावर बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी ओतून तो जात नाही. काथ्या घेऊन बसावे लागते. असाच थर माणसाच्या शरीरातही बसतो, आणि तेथे काथ्या चालवता येत नाही! इस्पितळात अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेत औषधासाठी नळी घालतात. तिच्या अंगाला हा थर धरला, की ताप उतरता उतरत नाही. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. आपण आपले थरच म्हणू.

सतराव्या शतकात हॉलंडच्या लेव्हनहुकने दातांवरचे कीट भिंगाखाली पाहिले. बाहेर काढलेल्या किटात व्हिनेगर मिसळले की त्यातले सूक्ष्म जीव मरत. पण व्हिनेगरने चूळ भरली तरी दातांवरचे जिवंतच राहत. थराच्या आतपर्यंत व्हिनेगर पोचत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. आज आपण याच कोड्यापाशी आहोत, फक्त व्हिनेगरच्या जागी भारी किमतीची औषधे आली. थरातले जंतू सुट्या जंतूंपेक्षा कित्येकदा शेकडो पट अधिक औषध पचवतात.

आणि या थरात राहणारा एकटा नसतो, बरं का. कॅन्डिडा नावाची बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू यांची जोडी फार वाईट. कॅन्डिडा तशी आपल्या तोंडात, आतड्यात निमूटपणे असते. संधी मिळाली की लांब तंतू सोडते. मांडवावर वेल चढावा तसे हे जंतू त्या तंतूंना चिकटतात. १९८२ साली युनिस कार्लसन या संशोधिकेने उंदरांवर प्रयोग केला. जंतूंची जी मात्रा एकटी दिली असता उंदीर मरत नव्हते, तीच बुरशीबरोबर दिल्यावर मरू लागले. म्हणजे येथे एक आणि एक दोन होत नाहीत!

असे का व्हावे? बुरशी आपल्या भोवती ग्लुकन नावाच्या साखरेच्या साखळ्यांचे चिकट आवरण घालते. त्या आवरणाखाली जंतूही लपतो, आणि व्हॅन्कोमायसिनसारखे जबर औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे जंतू स्वतः औषधाला निर्ढावलेला नसला तरी शेजाऱ्याच्या पांघरुणामुळे वाचतो. तो निर्ढावलेला असला तर मग विचारायलाच नको.

२०१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी या पांघरुणालाच हात घातला. कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचे औषध ग्लुकन तयारच होऊ देत नाही. ते दिल्यावर व्हॅन्कोमायसिन जंतूंवर पुन्हा लागू पडू लागले. बुरशीच्या औषधाने जंतूचा बंदोबस्त सोपा व्हावा, ही मला यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. जोड उपचार म्हणजे दोन गोळ्या एकदम गिळणे नव्हे. एकाने भिंत पाडायची, दुसऱ्याने आत शिरायचे.

अर्थात काचेच्या बशीतले यश म्हणजे खाटेवरचे यश नव्हे. दोन औषधे एकमेकांना मारकही ठरू शकतात, मूत्रपिंडावर भार वाढतो, खर्चही वाढतो. उलट नुसते जंतुनाशकच देत राहिले, तर जंतू हटतात आणि रिकाम्या जागेत बुरशी फोफावते. त्यात २००९ साली जपानमध्ये एका रोग्याच्या कानात कॅन्डिडा ऑरिस ही नवी जात सापडली. पुढे ती आपल्याकडच्या इस्पितळांतही आढळली. नेहमीच्या फ्लुकोनाझोलला ती बहुधा दाद देत नाही. म्हणून शक्य असेल तेथे डॉक्टर आधी ती नळीच काढून टाकतात. ‘एवढ्या कष्टाने घातलेली नळी का काढता?’ असे नातेवाईक कळवळून विचारतात. पण थर नळीवरच असतो. नळी काढण्यासारखी नसेल, तर कधीकधी तिच्यात औषध किंवा अल्कोहोल काही तास कोंडून ठेवतात.

आता जाता जाता कवळीविषयी. कवळीखालचे टाळू लालभडक होते, ते पुष्कळदा याच संमिश्र थरामुळे. तोंडाला औषध लावले आणि कवळी तशीच ठेवली, तर लाली परत येते. कवळी रात्री काढून ठेवावी, मऊ ब्रशाने घासावी आणि दंतवैद्य सांगतील त्या द्रावणात बुडवावी. येथे तरी काथ्याचे काम आपल्या हातात आहे.