जुनी मोटार आणि धुळीची शर्यत

पोलादपूर सोडून महाबळेश्वराकडे निघालेली मोटार आंबेनळीच्या चढाला लागली, की तिच्या मालकास तिच्याविषयी बरीच माहिती आपोआप मिळू लागते. सुमारे ४० किलोमीटरांच्या त्या वाटेत रस्ता जवळजवळ १,३०० मीटर उंची गाठतो. मुंबईच्या सपाट रस्त्यावर वर्षभर निमूटपणे काम करणारा रेडिएटर प्रतापगडाच्या फाट्याजवळ येता येता वाफ सोडू लागतो, आणि परतीच्या उतारावर ब्रेकची पायपट्टी दर वळणाला थोडी अधिक खोल जाऊ लागते. मुंबईचे एक गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव ज्या घाटास एकेकाळी दिले होते तो हा घाट. वाहन बैलांचे असो वा पेट्रोलचे, त्याची परीक्षा येथे फुकट होते.

अशी एखादी जुनी मोटार घरी असावी, ती विकवत नसावी, आणि तिच्यानिशी हौशी शर्यतीत उतरावे असे तिच्या धन्याच्या मनात यावे, हे आता पूर्वीइतके नवलाचे राहिलेले नाही. ज्या खेळात अशा गाडीस मानाने उभे राहता येते त्याचे नाव रॅलीक्रॉस. त्याचा जन्म ४ फेब्रुवारी १९६७ रोजी इंग्लंडातील केंट परगण्यात, लिडन येथील मैदानावर झाला. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांस रॅलीची मौज घरबसल्या एकाच जागी दिसावी, हा त्यामागील हेतू होता. त्या दिवशी व्हिक एल्फर्ड हा चालक पोर्श ९११ गाडीतून जिंकला. त्या प्रकारात गाड्या एकमेकींस खेटून धावतात. ते काम खर्चाचे आणि धोक्याचेही असते. पुढे अमेरिकेतील हौशी मंडळांनी त्याच नावाचा एक सौम्य प्रकार रूढ केला. मोकळ्या मातीच्या मैदानावर शंकू मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि घड्याळ हाच प्रतिस्पर्धी असतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस या नावाने जे सामने होतात, ते याच जातीचे. त्यांचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला मोटार क्रीडा मंडळांचा भारतीय महासंघ करतो.

या सौम्य प्रकारातील गुणांकनाची रीत ध्यानी घेतल्याखेरीज गाडी कशी सज्ज करावी हे कळावयाचे नाही. अमेरिकन नियमांत चालकाची सर्वांत चांगली फेरी तेवढी मोजीत नाहीत. सर्व फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. एक शंकू पडला तर २ सेकंद आणि आखलेले दार चुकले तर १० सेकंद अधिक धरतात. समजा, कोणी कार्ब्युरेटरावर पुष्कळ पैसा ओतून प्रत्येक फेरीत सेकंदाचा पाचवा हिस्सा वाचविला. आठ फेऱ्यांत त्याची कमाई अवघी १.६ सेकंद झाली. एक शंकू पडला की ती सारी गेली. आणि सहाव्या फेरीस रेडिएटरची रबरी नळी फुटली तर दिवसच गेला. यास्तव शक्ती वाढविण्यापूर्वी झीज भरून काढणे हाच येथे जिंकण्याचा खरा मार्ग ठरतो. नवशिक्यांस हे रुचत नाही. त्यांस एंजिनाचा आवाज प्रथम बदलावासा वाटतो.

आता वर्गांविषयी. गाडीची चाके पुढची फिरतात, मागची की चारही, यावरून एक विभागणी होते. गाडीत किती फेरफार केला यावरून दुसरी होते. मूळ स्थितीतील, मर्यादित सुधारणा केलेली आणि मनसोक्त बदललेली असे तिचे तीन थर. पुष्कळ ठिकाणी एंजिनाचे घनफळही पाहतात. मूळ स्थितीच्या वर्गाचे नियम वाचताना सामान्य मालकास ती बंधने वाटतात. वस्तुतः ती त्याच्या खिशाची राखण असते. शेजारच्याने लाख रुपये ओतले, म्हणून आपणही ओतावे, ही ओढ हा वर्ग मुळातच तोडून टाकतो.

मुंबईच्या ओळखीचीच एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून जी फियाट ११०० बाहेर पडे, तीच १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवर राहिली नाही; पण खाजगी घरांतून तिचा सांभाळ अद्यापि होतो. १,०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरचे एंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच गिअरची दांडी, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे पाटे, फिरणारी चाके मागची आणि ब्रेक चारही चाकांस ड्रमचे, अशी तिची ठेवण. शक्ती बेताची, परंतु मातीवर मागच्या चाकांची गाडी हलक्या हाताने वळविण्यात जे सुख आहे, ते पुष्कळ नव्या गाड्यांत सापडत नाही.

पहिले काम पत्र्याचे. या गाडीस खाली स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याची काया हीच तिचा सांगाडा. कोकणच्या पावसात राहिलेल्या गाडीचा तळ आणि मागचे पाटे जेथे जखडलेले असतात त्या जागा गंजाने पोखरलेल्या असण्याचा संभव फार. पायपोस उचलून, डांबराचा लेप खरवडून, पेचकसाच्या टोकाने टोचून पाहावे. टोक आत गेले, तर बाकीचा खर्च थांबवून प्रथम वेल्डिंगवाल्याकडे जावे. रंग शेवटी द्यावा. न दिला तरी चालेल.

दुसरे काम ब्रेकचे, आणि येथे काटकसर मुळीच करू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ या प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओल शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत बुडबुडे होतात, आणि पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून चाकाच्या सिलिंडरांतील रबरे, जुन्या नळ्या आणि सारे तेल एकदमच बदलावे. लायनर नवे बसवावेत आणि चारही ड्रम सारखे धरतील असे जुळवून घ्यावेत. झिजणारा भाग मूळ मापाचा नवा घालण्यास कोणताही वर्ग हरकत घेत नाही.

पाट्यांच्या बुशी, शॉक अॅब्सॉर्बर, एंजिनाखालची रबरे आणि चाकांचे बोल्ट यांचा विचार तिसरा. मातीवर गाडी आडवी सरकते आणि चाकास बाजूने असे धक्के बसतात की जे रस्त्यावर क्वचितच बसतात. टायरमधील हवा रस्त्याहून कमी ठेवण्याचा मोह टाळावा. वळणावर टायर रिममधून निसटण्याचे ते एक कारण असते. बॅटरी धातूच्या पट्टीने घट्ट बांधावी. हवेची गाळणी प्रत्येक मैदानानंतर पाहावी. या गाडीच्या पुष्कळ नगांत पुढचे आसन म्हणजे एकसलग बाक असते, आणि जोराच्या वळणावर चालक त्यावरून सरळ शेजारी घसरतो. ते बदलण्याची मुभा आपल्या वर्गात आहे किंवा नाही, हे आसन विकत घेण्यापूर्वी नियमपुस्तकात पाहावे, नंतर नव्हे.

मोह येथेच पडतो. याच कारखान्याच्या ११८ एनई गाडीचे १,१७१ घनसेंटीमीटरचे निस्सान एंजिन पद्मिनीत बसेल, असे कोणीतरी मिस्त्री सांगतोच. बसविलेही जाते. पण तसे केल्याने गाडी मूळ वर्गातून उठून थेट त्यांच्या रांगेत जाते, ज्यांनी सर्वस्व बदलले आहे. आणि तेथे ती शेवटची ठरते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणीच्या कागदातील तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही. म्हणजे रस्त्यावरचा हक्कही गेला, आणि रविवारचा हौशी गडी गाडी ट्रकवर घालून नेणाऱ्यांत जमा झाला.

याच कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत वा वेगाची चाचणी करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. आंबेनळीची वळणे पाहून काही तरुणांस हा घाट म्हणजे आयती शर्यतीची वाट भासते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींना सहलीस नेणारी बस याच घाटातून दरीत गेली, आणि एक माणूस तेवढा वर आला. ते शर्यतीस निघालेले नव्हते. तेथील दरीस कठडा पुरत नाही, इतकेच येथे सांगणे आहे.

मात्र सावकाश जाणाऱ्यास तोच घाट उत्तम परीक्षक होय. कोरड्या ऋतूत, भल्या पहाटे, सर्व डागडुजी झाल्यावर चढाने वर जावे. मध्येच एंजिन गचके देऊ लागले, तर पेट्रोल पंप तापून नळीत वाफ अडली असण्याचा संभव असतो. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके गुंडाळीत; त्याने काम भागते, पण मैदानासाठी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर बांधणे बरे. उतरताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावे, आणि पोलादपुरास थांबून ड्रमांजवळ तळहात न टेकवता नुसता धरून पाहावा. चारांपैकी एकच फार तापला असेल, तर त्याचा शू घासतो आहे. एकच थंड असेल, तर त्याचा सिलिंडर अडकला आहे.

मग सामन्याच्या सकाळी परीक्षकांपुढे उभे राहावे लागते. ते गाडी उचलून चाक हलवून पाहतात, बॅटरी ओढून पाहतात, आत एखादा सुटा पाना किंवा पाण्याची बाटली राहिली आहे काय हे शोधतात, शिरस्त्राणावरचा शिक्का वाचतात, आणि अॅक्सिलरेटर सोडताच तो आपण होऊन परत येतो की नाही हे तपासतात. केलेल्या कामाची तारीखवार नोंदवही आणि सुट्या भागांच्या पावत्या जवळ असल्या, की वर्गाविषयी वाद उद्भवल्यास तो तेथल्या तेथे मिटतो. गाडीवर क्रमांक चिकटवून रांगेत उभे राहावयास त्यानंतर फारसा वेळ लागत नाही.