गाडीचा चोपदार



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आज विणेकऱ्यांबद्दल, टाळकऱ्यांबद्दल, पंगती वाढणाऱ्यांबद्दल सगळे बोलले. मला गाडीबद्दल बोलायला सांगितलंय. पूर्वी सामान बैलगाडीतून जायचं, आता पिकअपमधून जातं. राहुट्या, भांडी, शिधा, म्हाताऱ्या माणसांच्या वळकट्या, सगळा संसार तिच्यावर. आणि ती चालती कुठून? माणसांच्या गर्दीतून. म्हणून गाडीची निगा ही बी सेवाच समजा.

२०२० आणि २०२१ या दोन सालांत पायी वारी झाली नाही. आपली जुनी पिकअप गोठ्याशेजारी उभीच राहिली. २०२२ ला वारी परत सुरू होणार म्हटल्यावर दिंडीतल्या पोरांनी ती घरीच नीट करायला घेतली. गंज घासला, पत्रा ठोकला, रंग दिला, बॅटरी नवी बसवली. काम झकास केलं. शेवटाला ब्रेकच्या डबीत ऑइल कमी दिसलं. एका पोरानं शेडमधल्या कॅनमधलं इंजिन ऑइल त्यात ओतलं. तेल ते तेल, असं त्याला वाटलं. पायडल मारून बघितलं, ब्रेक लागला. सगळे खूश.

पण माउली, ब्रेक ऑइल हे नुसतं नावाचं ऑइल. ते तेल नव्हेच. ब्रेकच्या आत रबरी वायसर असतात. इंजिन ऑइल लागलं की ते रबर फुगतं, मऊ पडतं. मग लागलेला ब्रेक सुटत नाही, चाक तापतं. नाहीतर ऑइल गळतं आणि पायडल खाली बसतं. हे लगेच दिसत नाही, हाच खरा धोका.

चौथ्या दिवशी गाडी जागची हलेना. पोरं म्हणाली, गंजानं धरलं असंल, एक चाक खोलून बघू. तेव्हा तो पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "थांबा, ब्रेकात मी इंजिन ऑइल घातलंय."

प्रस्थानाला आठ दिवस होते. मिस्त्रीनं मास्टर सिलिंडर, चारी चाकांची किटं, रबरी पाइप, सगळं बदललं. लोखंडी नळ्या धुऊन काढल्या. दोन-अडीचशेची बाटली आणायची राहिली आणि साडेनऊ हजार गेले. त्या पैशात बायांसाठी नवी राहुटी यायची होती. त्या वर्षी जुनीच ठिगळं लावून नेली.

काही मंडळी पोरावर चिडली. मी म्हटलं, त्यानं सांगितलं म्हणून नुसते पैसे गेले. तो गप बसला असता तर एका चाकाचं रबर बदलून आपण निघालो असतो आणि खराब ऑइल आत तसंच राहिलं असतं. परतीला दिवे घाट उतरताना पायडल खाली बसलं असतं, तर कुणाला हाक मारली असती?

म्हणून पोरांनो, एवढं ध्यानात ठेवा. डबीच्या टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. बाटली सीलबंद घ्या. उघडी राहिलेली बाटली हवेतली ओल ओढते, मग उतारावर ब्रेक तापला की ते उकळतं आणि ब्रेक मऊ पडतो. शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात ते टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, तेल वर तरंगतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो. आणि चुकून दुसरं तेल पडलंच, तर पायडलला पाय लावू नका. दाबलं की ते नळ्यांमध्ये जातं. गाडी तिथंच ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा.

समाज आरतीला चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. चालणं सगळ्यांना येतं, वेळेवर थांबण्यात शिस्त आहे. ब्रेक हा गाडीचा चोपदार. बाकी कुठं काटकसर करायची ती करा, त्याच्या जागी दुसरा उभा करू नका.

आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो. चुकलेलं पोर होऊन सांगायला आलं तर आधी त्याला जवळ बसवा, हिशेब मागाहून करा. अंगावर धावलात तर पुढच्या वेळी कुणी सांगायचं नाही. तो पोरगा आज आपली गाडी चालवतो, आणि निघायच्या आधी रोज डबी उघडून बघतो.

रामकृष्णहरी.