आधी करार, मग सत्कार

हरभऱ्याची काढणी घरच्यांवर टाकून इथे आलेल्या लिहित्या भावाबहिणींनो,

ग्रामीण साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने काय बोलावे हे आता ठरूनच गेले आहे. मातीचा गंध, बोलीचा गोडवा, बळीराजाचे दुःख आणि शेवटी शाल-श्रीफळ. मी त्यातले काही बोलणार नाही. अशा भाषणांनी कोरडवाहू शेतकऱ्याच्या पुस्तकाची एक प्रतही जास्त खपलेली नाही. मला पैशाबद्दल बोलायचे आहे. अल्पभूधारकाचे पुस्तक आज बहुतेक वेळा त्याच्याच पैशाने छापले जाते आणि त्यालाच विकावे लागते. त्याचे हक्क कोणाकडे राहिले, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘बाजारच तसा आहे’ म्हणून आपण माना डोलावतो. प्रत्यक्षात धंद्याची सगळी जोखीम सगळ्यांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात बांधण्याची ही सोय आहे आणि तिला मान्यता आपण साहित्यिकांनीच दिली आहे.

हिशेब मांडून बघू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे आणि दर पाच खातेदारांपैकी जवळपास चार जण दोन हेक्टरांच्या आतले आहेत. अशा एका शेतकऱ्याने दीडशे पानांची कादंबरी लिहिली आणि तीनशे प्रतींसाठी त्याच्याकडे साठ हजार रुपये मागितले गेले असे धरा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. म्हणजे साठ हजारांसाठी सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन गेले. कोरडवाहूत बऱ्या साली दोन एकरांत एवढे निघते. तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर, आणि बियाणे, खत, फवारणी, मजुरी काहीच वजा न करता! एवढे मोजल्यावर मोबदला म्हणून त्याला शंभर प्रती मिळतात. किंमत अडीचशे असेल आणि त्याने शंभरही प्रती पूर्ण किमतीला विकल्या तरी हाती पंचवीस हजार येतात. सगळे मनासारखे घडूनही पस्तीस हजारांचा खड्डा राहतो. पूर्ण किमतीला कोण घेतो? सोयऱ्यांना भेट द्यावी लागते, समीक्षकांना टपालाने पाठवावी लागते, पुरस्कारासाठी दोन-दोन, चार-चार प्रती मागवल्या जातात. उरलेल्या दोनशे प्रती कुठे गेल्या, हे त्याने विचारायचे नसते. त्यात काही ठिकाणी आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे पैसे लावले जातात. हा क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. फुकटच्या वस्तूचे बिल फाडणाऱ्याला गावात जे म्हणतात ते मी व्यासपीठावरून म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लेखनात कस असेल तर प्रकाशक घर शोधत येतो, आणि दाखला बहिणाबाईंचा. तोच दाखला नीट तपासू. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली निघाली. स्वतःचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. गाणी उतरवून ठेवणारे घरात होते, मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी होता आणि त्याची पोच आचार्य अत्र्यांपर्यंत होती, म्हणून ती गाणी आपल्याला मिळाली. ज्या असोद्यात त्या जन्मल्या त्याच्या शेजारच्या गावांत जात्यावर बसून रचणाऱ्या आणखी किती जणी होत्या, ज्यांचा मुलगा कवी नव्हता? कस होता म्हणून प्रकाशक आला, असे यावरून सिद्ध होत नाही. कस होता आणि ओळखही होती, तरी पुस्तक मरणानंतर आले, एवढेच सिद्ध होते. त्याच्याही मागे जा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. आपल्याच माणसांच्या ‘दीनबंधु’ वृत्तपत्रात सुरुवातीची दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढची छापायला संपादक धजले नाहीत. त्याच फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेला, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाच्या पूर्वजाला, जायचे नाकारले. आज आपण संमेलनाच्या मंडपाला त्यांचे नाव देतो आणि नकाराचे कारण मात्र वाचत नाही.

कसाची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच पैसे घेऊन पुस्तके काढण्याच्या रिवाजावर माझा मुख्य राग आहे. लेखकानेच पैसे मोजले की संपादकाचे कामच उरत नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखी माणसे हस्तलिखितावर महिनोन् महिने लेखकाशी झुंजत, कारण पुस्तक पडले तर नुकसान त्यांच्या ‘मौज’ प्रकाशनाचे होणार होते. ज्याला पुस्तक छापण्याआधीच पैसे मिळाले, त्याने चौथे प्रकरण सैल आहे हे कशासाठी सांगावे? शेतकऱ्याची पहिली कादंबरी कच्ची निघते, त्यात निम्मा दोष या न झालेल्या संपादनाचा आहे. आणि मग तेच कच्चेपण पुढे करून समीक्षक म्हणतात, पाहा, यांना लिहिता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रकाशकांचा, आणि तो खोटा नाही. पुस्तकावर जीएसटी शून्य असला तरी कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो, आणि पुस्तक करमुक्त असल्याने त्याचा परतावा मिळत नाही. हजार-अकराशेची आवृत्ती पाचशेवर, तीनशेवर आली. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय अचानक बंद केली, त्यानंतर मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. प्रकाशकाचा धंदा कठीण आहे, मान्य. पण कठीण धंद्याचा तोटा दोन एकरवाल्याने का भरायचा? नामवंत लेखकाकडून कोणी साठ हजार मागत नाही. त्याच्या पुस्तकात प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो, त्याला रॉयल्टी देतो. जोखीम घेण्याची ऐपत प्रकाशकाकडे आहे, कोणासाठी घ्यायची हे ठरलेले आहे, एवढेच.

शिवाय हा धंदा निव्वळ खाजगी आहे असे कोणी सांगू नये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांचे अनुदान, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची खरेदी, साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान, अखिल भारतीय संमेलनाला मिळणारे दोन कोटी, हा सगळा पैसा करदात्याचा आहे. सगळ्यांत खालच्या ‘ड’ वर्गातल्या खेड्यातल्या वाचनालयाला वर्षाला तुटपुंजे अनुदान मिळते. त्यातून पगार भागवून ग्रंथपालाने पुस्तके घ्यायची, मग तो साठ-सत्तर टक्के सवलतीचे गठ्ठे उचलतो आणि यादीत कोणाचे नाव आहे ते बघतही नाही. त्याच गावातल्या लेखकाचे पुस्तक त्या कपाटात नसते. संमेलनाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो, त्याच्या दशांशात किती गावांच्या वाचनालयांना त्यांच्या तालुक्यातल्या लेखकांची पुस्तके रास्त दराने घेता आली असती, हा हिशेब एखाद्या महामंडळाने मांडून दाखवावा.

‘शेतकरी वाचतच नाही’ हे वाक्य तर मी फार दिवस ऐकतो आहे. २००५ पासून ‘ॲग्रोवन’ नावाचे शेतीला वाहिलेले दैनिक रोज निघते, ते काय कोथरूडच्या सदनिकांमध्ये वाचले जाते? आळंदी-पंढरपुरात हरिपाठ, गाथा, ज्ञानेश्वरी विकत घेणारा माणूस कोण आहे? शरद जोशींच्या लेखांच्या पुस्तिका अर्थशास्त्राच्या होत्या, सोप्या नव्हत्या, तरी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी त्या घेतल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेल्या ग्रंथाली या वाचक चळवळीने वाचकांना सभासद करून घेतले, गावोगाव पुस्तके नेली, आणि ‘बलुतं’ व ‘उपरा’ याच चळवळीने वाचकांपर्यंत पोचवली. पुस्तक माणसाच्या वाटेवर ठेवले, किंमत त्याच्या खिशाला झेपली आणि विषय त्याचा असला, तर तो घेतो. तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान म्हणजे वह्या, गाईड आणि स्पर्धा परीक्षा. तिथे कादंबरी दिसत नाही म्हणून वाचक नाही म्हणणे हा उलटा न्याय झाला.

कोणी सांगेल, आता मागणीनुसार एक-एक प्रत छापता येते, लेखकाने मोबाइलवरून विकावे. जरूर विकावे. पण छापणे स्वस्त झाले तरी संपादन आणि वितरण शेतकऱ्याच्या एकट्याच्या अंगावरच राहते.

आता तुमच्याशी दोन शब्द, कारण दोष फक्त पलीकडचा नाही. बांधावरची चार पावले जमीन विकायची असली तरी तुम्ही सातबारा काढता, साक्षीदार बसवता, खरेदीखत नोंदवता. दहा वर्षे रात्री जागून लिहिलेली कादंबरी मात्र तुम्ही तोंडी बोलीवर देऊन टाकता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे १९ वे कलम तुमच्या बाजूचे आहे. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदला हे त्यात लिहिलेले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षेच धरली जाते. करारात वेगळे काही नसेल, तर सोपवलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो लेखकाकडे परत येतो. हे कलम मागणाऱ्याला ‘नवखा आहे, फार बोलतो’ म्हणून उडवले जाते. एकट्याला उडवता येते, शंभर जणांना नाही. केरळच्या लेखकांनी १९४५ साली कोट्टायमला आपली सहकारी प्रकाशन संस्था काढली, पुस्तकांची स्वतःची विक्री उभी केली आणि लेखकाला तीस टक्क्यांपर्यंत रॉयल्टी दिली. आपण १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, पुढे दूध, सूतगिरण्या, बँका, सगळे सहकारात आणले. लेखकांची तशी भक्कम संस्था या सहकाराच्या महाराष्ट्रात उभी राहिली नाही. सहकार काही ठिकाणी बुडाला, गटांनी खाल्ला, हे मला ठाऊक आहे. म्हणून काय तोंडी बोलीवरच जगायचे?

आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव येणार आहे: सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकासोबत लेखकाशी झालेल्या कराराची आणि रॉयल्टी दिल्याच्या पावतीची प्रत जोडणे बंधनकारक करावे; आणि जे पुस्तक लेखकाच्या खर्चाने निघाले असेल, त्याच्या खरेदीचा पैसा थेट लेखकाच्या खात्यावर जावा. व्यासपीठावर काही प्रकाशक मित्र बसले आहेत, त्यांना हा ठराव रुचणार नाही. त्यांनी विरोधात बोलावे, मी वेळ देईन. बाकीच्यांना माझी विनंती आहे की ठराव मताला येईपर्यंत कोणी मांडव सोडू नये, आणि तोपर्यंत सत्काराचा कार्यक्रम संयोजकांनी पुढे ढकलावा.