गॉटिंगेन येथील सहा महिने
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने तेथील बर्फाचे वर्णन करावे, असा प्रघात आहे. मी उन्हाळी सत्रास गेलो असल्यामुळे ते माझ्या वाट्यास आले नाही.

२०२५ च्या एप्रिलपासून सहा महिने मी जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात विद्यार्थी-विनिमय योजनेखाली पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. दहाचे व्याख्यान तेथे सव्वादहास सुरू होते, अशी जुनी रीत आहे. मात्र सव्वादहा म्हणजे सव्वादहाच! व्याख्यान संपताच विद्यार्थी बाकावर बोटांनी ठकठक करतात. नवख्यास तो निषेध वाटावा. परंतु ती शाबासकी असते. प्रयोगशाळेत आकडा पुस्तकाशी जुळला की नाही, हे मागाहून. त्यात अनिश्चितता किती, हा पहिला प्रश्न. न जुळलेला आकडाही दिनांकासह वहीत राहतो, आणि पुष्कळदा चर्चा त्याचीच होते.

रविवारी तेथील दुकाने बंद असतात. अशा एका रविवारी मी गावच्या जुन्या दफनभूमीत गेलो. माक्स प्लांक, ओटो हान, डाव्हिड हिल्बर्ट ही पाठ्यपुस्तकांतील माणसे तेथे विसावली आहेत. माक्स बॉर्न यांच्या शिळेवर तर पुंजयामिकीचे समीकरणच कोरले आहे. १९३३ साली नाझी सरकारने कायदा करून ज्यू कुळात जन्मलेल्या प्राध्यापकांस सरकारी सेवेतून दूर केले. बॉर्न गेले, थोर गणिती एमी नोएटर गेल्या. जेम्स फ्रांक महायुद्धात लढले असल्याने त्यांस सूट होती; त्यांनी ती न घेता राजीनामा दिला. त्या विद्यापीठाचे वैभव काही महिन्यांत लयास गेले. बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळुरास येऊन राहिले होते, हे आपणांपैकी कित्येकांस ठाऊक नसेल.

त्या शिळेपुढे मला आपल्या शिष्यवृत्ती-निधीचे स्मरण झाले. शिक्षणशुल्क यजमान विद्यापीठ घेत नाही. परंतु राहण्याखाण्याची तजवीज व्हिसापूर्वी दाखवावी लागते. २०२५ साली ती दरमहा ९९२ युरो होती, म्हणजे सहा महिन्यांचे साडेपाच-सहा लाख रुपये. ते मंडळाने दिले. या उपकाराचे मला विस्मरण होणार नाही. माझ्याच वर्गातील एका विद्यार्थिनीची निवड माझ्याहून वरच्या क्रमांकाने झाली होती. ती आपल्या ज्ञातीची नव्हे. पैसे उभे राहिले नाहीत आणि तिने जागा सोडली.

त्या राजवटीशी आपल्या मंडळाची तुलना मी करीत नाही. ती घोर अन्यायाची होईल. वाडवडिलांनी पै-पै साठवून स्वकीयांसाठी ठेव ठेवली, त्यात गैर काय? तथापि दरवर्षी एक विनिमय-शिष्यवृत्ती ज्ञातीची अट न घालता द्यावी, अशी लेखी सूचना मी चिटणिसांकडे दिली आहे. नियमांत त्यास आडकाठी असल्यास सर्वसाधारण सभेने दुरुस्ती करावी. मला मिळालेली रक्कम नोकरी लागताच हप्त्यांनी परत करीन. ती या खाती जमा धरावी, एवढी विनंती.